बी आणि बेणें : धाराशिव प्रांतांतील उंसाच्या लागणीचा ऐतिहासिक विचार

मराठी कुणब्याच्या बोलींत बी आणि बेणें हे दोन शब्द कधीं एक झाले नाहींत. ज्वारीचें बी, तुरीचें बी, करडईचें बी. परंतु उंसाचें बेणें, हळदीचें बेणें, आल्याचें बेणें. फुलापासून फळ व फळांत दाणा होऊन जें मातींत जातें तें बी. आणि झाडाच्याच अंगाचा तुकडा तोडून जें मातींत पुरलें जातें तें बेणें. म्हणून एकाची पेरणी होते व दुसऱ्याची लागण. धाराशिवकडे व्रात्य पोराला 'बेणं' म्हणतात, त्यांतही हाच अर्थ दडला असावा असें आम्हांस वाटतें : बापाच्याच अंगाचें कांडें पुन्हां फुटलें आहे, असा तो टोमणा आहे. सरकारी मराठींत दोहोंस मिळून 'बियाणें' म्हणण्याचा प्रघात पडला, आणि १९६६ च्या बियाणें कायद्यानेंही कंद, मुळ्या, छाट व कलमें यांचा समावेश आपल्या व्याख्येंत केला. कायद्याच्या सोयीस तें ठीक असेल. परंतु ज्यास या प्रांताच्या शेतीचा इतिहास पाहावयाचा आहे त्यानें ही सरमिसळ टाळावी. कारण बी सांभाळण्याची रीति निराळी आणि बेणें सांभाळण्याची निराळी, आणि दुष्काळांत जें तगलें किंवा बुडालें त्याचें कारण पुष्कळदां या भेदांतच सांपडतें.

हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. बौद्धांच्या विनयपिटकांत भिक्षूनें वनस्पतींचा उच्छेद करूं नये असा जो नियम आहे, त्याच्या विवरणांत बीजाचे पांच प्रकार सांगितले आहेत : मूळापासून येणारें, खोडापासून येणारें, पेरापासून येणारें, शेंड्यापासून येणारें आणि पांचवें बीजापासूनच येणारें. मूळबीजांत हळद व आलें यांचीं नांवें आहेत आणि पेरबीजांत ऊंस, वेळू व बोरू यांचीं. पांचांपैकीं चार प्रकार बेण्याचे आहेत व एकच बियाचा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या तेर गांवीं उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले तें याच जिल्ह्यांत आहे; तेथील भिक्षूंना हा नियम पाळतांना तेरणेच्या कांठचें कोणतें झाड कशानें उगवतें हें ठाऊक असणें भागच होतें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादि झाडें कांडें लावून वाढवावीं व कांड्यास शेणाचा लेप द्यावा असें सांगितलें आहे. कौटिल्याचें सांगणें याहून बारीक आहे. सीताध्यक्षाच्या प्रकरणांत कांडबीजाच्या तोडलेल्या तोंडास मध, तूप व डुकराची चरबी शेणांत कालवून लावावी, कंदांस मध व तूप लावावें, असा विधि तो देतो. यांतील मर्म उघड आहे. दाण्यास निसर्गानेंच टरफल दिलेलें असतें. कांड्यास तें नाहीं. कोयत्यानें घातलेला घाव उघडा राहतो, त्यांतून ओल जाते आणि रोग शिरतो. आज लागणीपूर्वी टिपऱ्या औषधांत बुडवून काढतात ती याच घावाची चिंता होय.

त्याच प्रकरणांत आणखी दोन गोष्टी आहेत. सीताध्यक्षानें सर्व धान्यें, फुलें, फळें, भाज्या, कंद, मुळें, ताग-कापूस यांचें बी योग्य वेळीं गोळा करून ठेवावें असें सांगतांना जी यादी दिली आहे तींत उंसाचें नांव नाहीं. पुढें पिकांची प्रतवारी लावतांना मात्र साळीला तो उत्तम म्हणतो आणि उंसाला कनिष्ठ, कारण त्यावर संकटें फार व खर्चही फार. हीं दोन्ही वाक्यें एकत्र वाचलीं म्हणजे आमच्या मतें असें दिसतें कीं, ऊंस राजाच्या कोठारांत ठेवण्याची वस्तु नव्हे हें ग्रंथकारास पुरतें माहीत होतें. कोठारांत ठेवलेला ऊंस आठवड्यांत वाळतो. त्याचें कोठार म्हणजे उभें शेत.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस रुचेल असें एक साम्य सांगतों. दाणा हें अपत्य आहे. त्यांत आई व बाप दोघांचा अंश येतो आणि प्रत्येक दाणा थोडा वेगळा असतो. बेणें हें अपत्य नव्हे, ती नक्कल आहे. पोथीची नक्कल करणारा लेखक मूळ प्रतींतील चूक जशीच्या तशी उतरतो, वर आपली एक घालतो. त्या नकलेवरून दुसरी झाली कीं दोन्ही चुका पुढें जातात. उंसाचें तसेंच आहे. काणी, गवताळ वाढ, मोझाइक हे रोग बेण्याबरोबर एका फडांतून दुसऱ्या फडांत जातात. दाण्याच्या पिकांत पुष्कळ रोग बियापर्यंत पोंचत नाहींत, त्यामुळें दर पिढीस झाड थोडेंबहुत स्वच्छ होऊन जन्मतें. बेण्याला ही सवलत नाहीं. दहा वर्षें एकाच मळ्यांतलें बेणें लावणारा शेतकरी 'जात उतरली' म्हणतो तेव्हां जात बहुधा तीच असते, तिच्यांत सांचलेला रोग वाढलेला असतो. अशुद्ध परंपरा शुद्ध करावयाची तर जुन्यांत जुन्या व निर्दोष मातृकेकडे परत जावें लागतें, हें भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९३३ ते १९६६ या काळांत सिद्ध करून दाखविलें. हळदीचा मळेकरी जेठ्या गड्ड्यास मातृकंद म्हणतो. शब्द एकच आहे, व्यवहारही एकच आहे.

कौटिल्याच्या ग्रंथाचीच गोष्ट घ्या. तो शतकानुशतकें नांवानेंच माहीत होता. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें दिलेली पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं १९०५ च्या सुमारास आली आणि १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला. कोणीतरी ताडपत्रें पुन्हां पुन्हां उतरवून ठेवलीं म्हणून तो जगला. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयांत राहिली, ती १९९६ सालीं सिकंदराबादेहून भाषांतरासह प्रसिद्ध झाली.

नांव टिकलें म्हणून वस्तु टिकली असें मात्र समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत उंसाचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांत पौंड्रक, भीरुक, वंशक, कांतार, तापसेक्षु, नीलपोर हीं नांवें येतात. दख्खनच्या मळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं जो मुख्य ऊंस होता त्याचें नांव पुंड्या. पौंड्रक शब्दाचा हा अपभ्रंश असावा हें कोणीही संस्कृतज्ञ चटकन् म्हणेल, आणि शब्दापुरतें तें खरें असण्याचा संभव आहे. पण दोन हजार वर्षांच्या नकलांत कोणती जात केव्हां बुडाली आणि तिचें नांव केव्हां दुसरीला चिकटलें, हें शब्दाच्या व्युत्पत्तीनें ठरत नाहीं. जुन्या ग्रंथाचें नांव नव्या पोथीच्या पुष्पिकेंत घातलेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. हा पुंड्याही पुढें गेला. जावा बेटांत १८८० नंतर 'सेरे' नांवाच्या रोगानें उंसाचा संहार केला, तेव्हां तेथील मळेवाल्यांनीं प्रथम डोंगरावरच्या थंड हवेंतील रोपवाटिकांतून स्वच्छ बेणें आणण्यास प्रारंभ केला व नंतर उंसाच्या तुऱ्यांतील खरें बी रुजवून नव्या जाति निर्माण केल्या. त्यांपैकीं १९२१ सालची पी. ओ. जे. २८७८ ही जात दख्खनच्या कालव्यांवर आली. इकडे कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊंस पैदास केंद्र निघालें व पाडेगांव येथें १९३२ सालीं संशोधन केंद्र. जावाच्या त्या जातीच्याच पोटीं कोइमतुरास जन्मलेल्या को. ४१९ नें १९४० नंतर पुंड्याची जागा घेतली. पुढें को. ७४० आली, १९९६ सालीं को. ८६०३२ व २००७ सालीं फुले २६५ या जाति महाराष्ट्रासाठीं प्रसृत झाल्या. पौंड्रकापासून पुंड्यापर्यंत नांव टिकविण्यास समाजाला दोन हजार वर्षें पुरलीं नाहींत, आणि पुंड्यापासून फुले २६५ पर्यंत येण्यास एका माणसाचें आयुष्य पुरलें.

आतां धाराशिव प्रांताकडे वळूं. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हें फ्लीट यानें १९०१ सालीं सिद्ध केलें. 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या ग्रंथांत तगराहून भडोचेस कापड जात असल्याचें लिहिलें आहे, आणि त्याच ग्रंथांत दुसऱ्या ठिकाणीं भडोचेच्या बाजूनें आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालांत बोरूपासून होणाऱ्या 'साक्खरी' नांवाच्या मधाचा उल्लेख आहे. हीं दोन विधानें जोडून तेरास साखर होत होती असें म्हणण्याचा मोह आवरावा. जळकीं धान्यें हजारों वर्षें मातींत राहतात व उत्खनकाच्या चाळणींत सांपडतात. ऊंस मागें कांहींच ठेवीत नाहीं. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत मातीच्या मूर्ति, मणी, हस्तिदंती वस्तु पाहाव्या. बेण्याची परंपरा मात्र मालाच्या अवशेषांत शोधावयाची नसून पाण्याच्या अवशेषांत शोधावयाची.

कारण या प्रांतांत उंसाचा प्रश्न मुळांत पाण्याचा आहे. बालाघाटाच्या माथ्यावरची हलकी जमीन, पावसाची खात्री नाहीं, नद्या उन्हाळ्यांत कोरड्या. ज्वारी करणाऱ्यानें पेव उकरून त्यांत दाणा भरला, बियाची वेगळी कणगी करून राख व कडुलिंबाचा पाला घातला, तर दोन पावसाळे चुकले तरी तिसऱ्या वर्षीं तो पेरूं शकत असे. एकरास चार किलोच्या आंत-बाहेर ज्वारी लागते. ती बाई लुगड्याच्या पदरांत बांधून माहेराहून आणूं शकते. एकरभर उंसास दोन डोळ्यांच्या सुमारें दहा हजार टिपऱ्या लागतात, त्यांचें वजन टनांत मोजावें लागतें, आणि तोडल्यापासून एक-दोन दिवसांत त्या जमिनींत गेल्या पाहिजेत. मोटारी येण्यापूर्वी याचा अर्थ एवढाच कीं, बैलगाडी जितक्या वेळांत जाऊन येईल तितक्या अंतरावर कोणाच्या तरी विहिरीवर जिवंत ऊंस उभा असला पाहिजे. तो नसेल तर पैसा असून, जमीन असून, पाऊस येऊनही लागण होत नाहीं.

शिवछत्रपतींनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र या मंडळाच्या वाचकांस परिचित आहे. ज्याला बैल नाहींत त्याला बैल घेण्यास द्रव्य, ज्याला खाण्यास व पेरण्यास धान्य नाहीं त्याला धान्य, आणि वसुली वाढीदिढीशिवाय केवळ मुदलाची व तीही ऐपतीप्रमाणें, असा त्याचा आशय आहे. रयतेच्या हिताचा याहून चांगला कागद दाखविणें कठीण. तरी पाहा, राज्यानें देण्याजोग्या वस्तु म्हणजे बैल, धान्य व नगद. तगाईनें बी देतां येतें. बेणें देण्यास सरकाराजवळ तें असावें लागतें, आणि कोणत्याही अंबारखान्यांत तें असूं शकत नाहीं. नळदुर्गास इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळीं बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल प्रेक्षक सौंदर्यासाठीं पाहतात. बेण्याच्या इतिहासकारानें अशी जागा वेगळ्या दृष्टीनें पाहावी. जेथें बारमाही पाणी अडलें तेथेंच केळ, पानवेल व ऊंस यांच्या परंपरा अखंड राहूं शकल्या. पानमळ्याचें तर वेलच बेणें. शेवरी-हादग्याच्या सावलींत तो वर्षानुवर्षें उतरवून पुन्हां चढवितात, आणि एक उन्हाळा पाणी तुटलें कीं वेल व बेणें एकदमच जातात.

उंसाच्या हंगामांचा हिशेब केला म्हणजे दुष्काळाचा घाव नेमका कोठें बसतो तें कळतें. सुरू उंसाची लागण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्या वेळीं गाळपाचा हंगाम चालू असतो व बेणें चहूंकडे उभें असतें. आडसाली लागण जुलै-ऑगस्टांत. तिला नऊ ते अकरा महिन्यांचें कोंवळें बेणें हवें, म्हणजे तें आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत लावून सबंध उन्हाळा पाण्यावर काढलें पाहिजे. गाळपास आलेल्या जुन्या उंसाचे खालचे डोळे निबर झालेले असतात, आणि खोडव्याचें बेणें घेऊं नये हा तर नियमच आहे, कारण खोडव्यांत रोग सांचतो. याचा अर्थ असा कीं, गांवांतील सर्वांत चांगलें बेणें एप्रिल-मेमध्यें सर्वांत तहानेलेलें असतें. त्याच वेळीं जनावरांनाही चारा नसतो. २०१२-१३ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील छावण्यांत जनावरांना ऊंस तोडून घातला. हें योग्यच झालें. जनावर मरूं देऊन बेणें वांचविणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं, पाहण्याची इच्छाही नाहीं. परंतु १९७२ काय, २०१२-१३ काय किंवा २०१५-१६ काय, अशा प्रत्येक वर्षानंतर पाऊस पडला तेव्हां जिल्ह्यांत पाणी आलें आणि बेणें नव्हतें. मग तें मालमोटारींनीं बाहेरून येतें; जात कोणती, वय किती, फडांत काणीचे चाबूक निघाले होते कीं नाहीं, हें विचारण्याची स्थिति घेणाराची नसते. एका दुष्काळाचा रोग पुढचीं दहा वर्षें फडांत राहतो तो असा.

यावर जो उपाय शास्त्रज्ञांनीं बसविला आहे त्याला बेणेमळा म्हणतात, व त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. संशोधन केंद्रावर मूलभूत बेणें तयार होतें. त्यास ५४ अंश सेल्सिअस उष्ण बाष्पहवेंत अडीच तास ठेवतात, त्यानें गवताळ वाढीसारख्या रोगांचें बीज बरेंचसें नष्ट होतें. मोझाइकासारखे विषाणु मात्र उष्णतेनें जात नाहींत. त्यासाठीं शेंड्याच्या अतिसूक्ष्म कोंबापासून ऊतिसंवर्धनानें रोपें करावीं लागतात, आणि तें काम पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ सालीं निघालेली संस्था करते. मूलभूतापासून पायाभूत बेणें कारखान्याच्या किंवा निवडक शेतकऱ्यांच्या मळ्यांत, पायाभूतापासून प्रमाणित बेणें गांवोगांव. एका एकराच्या बेण्यांतून आठ ते दहा एकरांची लागण होते. म्हणजे एक एकर मूलभूत बेणें तिसऱ्या फेरीस सुमारें हजार एकरांपर्यंत पोंचतें. दर तीन वर्षांनीं शेतकऱ्यानें बेणें बदलावें असा दंडक आहे. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर तिसऱ्या नकलेनंतर पुन्हां मातृकेवरून उतरून घ्यावें.

रचना निर्दोष आहे. ती तुटते मधल्या पायरीवर. मूलभूत बेणें करणाऱ्या संस्था पश्चिमेस, कालव्यांच्या प्रदेशांत आहेत व त्यांना पाण्याची भीति कमी. प्रमाणित बेण्याला गिऱ्हाईक आहेच. पायाभूत मळा मात्र धाराशिवांतच, म्हणजे ढोकी, कळंब, उमरगा, तुळजापूर या बाजूंच्या विहिरींवर, एप्रिल-मे काढून जगला पाहिजे. बेण्याचा ऊंस वर्ष भरण्याच्या आंत तोडावा लागतो, त्यामुळें गाळपाच्या उंसाइतकें वजन त्याला येत नाहीं. रोगट बेटें स्वतः हिंडून मुळासकट काढावीं लागतात. आणि पाणी संपण्याची जोखीम सारी मळेवाल्याची. कारखाना बेणें उधार देतो व उंसाच्या बिलांतून कापून घेतो, ही सोय घेणाराची झाली. सांभाळणाराला त्याच्या जोखमीचा मोबदला मिळत नसेल तर तो तेंच पाणी गाळपाच्या उंसाला देईल, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. एक डोळ्याच्या टिपरीपासून खोक्यांच्या पत्र्यांत रोपें करण्याची जी नवी रीति अलीकडे पसरली आहे तिनें थोडा दिलासा मिळाला आहे : टनांचें ओझें कमी झालें, रोप दूर नेतां येतें, आणि चार आठवडे तें शेडनेटखालीं थोड्या पाण्यावर राहूं शकतें. पण ज्या उंसाचे डोळे काढले तो निरोगी होता कीं नाहीं हा प्रश्न रोपवाटिकेच्या फाटकावर तसाच उभा असतो. आमच्या मतें जिल्ह्यांत ज्या थोड्या विहिरी व तळीं १९७२, २०१२ व २०१५ या तिन्ही प्रसंगीं आटलीं नाहींत, त्यांचीच नोंद करून बेणेमळे तेथें बसवावे, व सांभाळणाराला दर एकरीं रोख द्यावें. पूर्वी देवस्थानाच्या दिव्याच्या तेलासाठीं जमीन तोडून देत असत; बेण्यासाठीं तोडून दिलेलें पाणी त्याहून कमी पुण्याचें नाहीं.

राहिला कागदांचा प्रश्न. महसुली दफ्तरांत उंसाची बागायत व तिचा आकार मिळतो, कारण त्यावर कर होता. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास दिलेल्या बेण्यावर कर नव्हता, म्हणून सरकारी लेखणी तिकडे वळली नाहीं. शिवाय या प्रांताचे कागद फार विखुरले. १८५३ च्या तहानें धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला व मेडोज टेलर तेथें अधिकारी म्हणून आला. १८६० सालीं मुलूख निजामाकडे परतला. १९४८ नंतर हैदराबाद राज्यांत, १९५६ सालीं द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि २०२३ सालीं जिल्ह्याचें उस्मानाबाद हें नांव जाऊन धाराशिव हें जुनें नांव परत आलें. इतक्या स्थित्यंतरांत मोडी, फारसी, उर्दू व इंग्रजी अशीं चार प्रकारचीं दफ्तरें झालीं. बेण्याचा उल्लेख ज्यांत पडण्याचा संभव अधिक तीं मात्र सरकारी नव्हेत. तीं देशमुख-देशपांडे व पाटील-कुळकर्णी घराण्यांचीं घरखर्चाचीं बाडें, मठ-देवस्थानांचे जमाखर्च, गुऱ्हाळाच्या भागीदारीचे करार आणि विहिरीच्या पाळ्यांचे वाटणीपत्र. संग्राहक असे कागद बहुधा रद्दी म्हणून बाजूस टाकतात. तसे ज्यांच्याकडे असतील त्यांनीं ऊंस, बेणें, कांड्या, टिपऱ्या, मळा, गुऱ्हाळ, पानमळा हे शब्द जेथें येतील तेथें तिथि, गांव, विहिरीचें नांव, गाड्यांची संख्या व किंमत एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें. दुष्काळाच्या लगतच्या वर्षांचीं पानें, विशेषतः १८७७-७८ व १९००-०१ चीं, आधीं पाहावीं. त्या वर्षीं गाड्या कोणत्या गांवाहून आल्या तें कळलें म्हणजे कोणत्या विहिरी आटल्या नव्हत्या तें कळेल.